शिकविणारेच गप्प राहिले तर

मुलीला रुग्णालयात नोकरी लागली म्हणजे घरी पेढे वाटले जातात. परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला, परीक्षा झाली, परिषदेच्या नोंदवहीत नावही चढले. आता हिला शिकावयाचे ते काय राहिले, असे घरच्या माणसांना वाटते. खुद्द तिलाही आदल्या रात्रीपर्यंत तसेच वाटत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती वॉर्डाच्या दारात उभी राहते आणि पहिल्या पाव तासातच तिला कळून चुकते की, पुस्तकातला रुग्ण एका वेळी एकच असतो; वॉर्डात ते तीस असतात. ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी कोठे टांगलेली असते, कोणते डॉक्टर कोणत्या वेळी फेरीला येतात, केसपेपरावरील कोणती खूण कोणाच्या हातची, रात्री रक्त आणावयाचे झाल्यास कोणाला उठवावयाचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते. ते जुन्या माणसाने नव्याला सांगावयाचे असते. म्हणूनच नव्या मुलीला काही आठवडे एखाद्या अनुभवी सिस्टरच्या हाताखाली देण्याची प्रथा आहे. परंतु ती सिस्टरच सांगण्यास नाखूष असली तर काय करावे?

हा प्रश्न काही आजचा नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. आधुनिक शुश्रूषाशिक्षणाची ती गंगोत्री मानली जाते. तथापि त्या शाळेतही पहिल्या काही वर्षांतच अशी स्थिती झाली की, विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डाला मिळालेले जादा हात समजले जाऊ लागले. काम होई, शिकविणे मात्र मागे पडे. पुढे १९७४ साली मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचारिकेने नव्या परिचारिकांच्या पहिल्या दिवसांवर एक ग्रंथच लिहिला आणि शाळा व वॉर्ड यांतील अंतराने बसणाऱ्या या हादऱ्याला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. इतक्या देशांत, इतक्या काळात जी गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते, तिचे खापर एखाद्या सिस्टरच्या स्वभावावर फोडून चालणार नाही. स्वभावाचा वाटा त्यात असतोच. पण तो सर्वस्वी नव्हे.

उदाहरणादाखल बेळगावकडच्या एका मुलीची गोष्ट घ्यावी. नाव सांगण्याचे कारण नाही. अशा मुली पुष्कळ आहेत. शिक्षण मराठी शाळेत झालेले, परिचर्येचा अभ्यास इंग्रजीतून, आणि नोकरी लागली ती अशा वॉर्डात की जेथे निम्मे रुग्ण कानडी बोलणारे. तिला ज्या सिस्टरांच्या हाताखाली दिले, त्या वीस वर्षांच्या अनुभवी. हात असा की, कितीही बारीक शीर असो, सुई पहिल्या खेपेस बसावी. मात्र तोंडाने सांगणे म्हणून नाही. सकाळी ओव्हर घेताना त्या इतक्या भरभर आणि निम्मे कानडीत बोलत की, नव्या मुलीच्या पदरी चार शब्द पडत. काही विचारले तर उत्तर येई, “बघत राहा, येईल आपोआप.” दुसऱ्यांदा विचारले तर, “कॉलेजात काय केलंत मग तीन वर्षं?” आणि हे रुग्णाच्या उशाशी, त्याच्या नातेवाइकांच्या देखत. त्यानंतर त्या खाटेवरचा रुग्ण हिच्या हातून इंजेक्शन घेताना साशंक होऊन पाही, यात नवल ते काय?

घरी सांगितले तर आई म्हणाली, “दुर्लक्ष कर, दिवस निघून जातील.” मैत्रिणी म्हणाल्या, “तूही तोंडाला तोंड दे.” दोन्ही सल्ले आपुलकीचे खरे; परंतु दोन्हींमध्ये रुग्ण कोठेच नाही. कचेरीतील जुना कारकून नव्याला शिकवीत नसला तर फार तर एखादी फाइल चुकीच्या कपाटात जाते. वॉर्डात तसे नाही.

सिस्टर सांगत का नसतील, याचा विचार त्या मुलीने रागाच्या भरात केला नाही, पण पुढे केला, आणि तो करण्याजोगा आहे. त्यांच्याकडे नवी मुलगी सोपविली गेली, तेव्हा त्यांच्या खाटांतील एकही खाट कमी करण्यात आली नव्हती. तीस रुग्णांची औषधे, डॉक्टरांची फेरी, नोंदवह्या, नातेवाइकांचे प्रश्न, आणि त्यात ही एक शिकाऊ. शिकविण्यासाठी वेळ दिलेला नाही, त्याबद्दल चार पैसे अधिक मिळत नाहीत. पण हिच्या हातून चूक झाली तर जाब मात्र त्यांनाच विचारला जाणार! शिवाय आणखी एक कारण आहे, ते सहसा ध्यानात येत नाही. पॅट्रिशिया बेनर या विदुषीने १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात परिचारिकेच्या नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंतच्या पाच पायऱ्या वर्णिल्या आहेत. नवशिकी नियमाने चालते. निष्णात परिचारिका नियम आठवीत बसत नाही; रुग्णाकडे एक दृष्टी टाकताच काहीतरी बिघडले आहे, हे तिला उमगते, आणि कशावरून उमगले ते पुष्कळदा तिचे तिलाही सांगता येत नाही. वीस वर्षे पोळ्या लाटणाऱ्या सासूला नव्या सुनेने कणकेत पाणी किती म्हणून विचारले, तर ती ‘बेताने’ एवढेच सांगते. तिला लपवावयाचे नसते. तिच्या हाताला जे ठाऊक आहे, त्याला शब्द नसतात. ‘बघत राहा, येईल आपोआप’ या वाक्याचा अर्थ दर वेळी तुच्छतेचाच असतो, असे नाही.

हे ध्यानात आल्यावर त्या मुलीने विचारण्याची रीत बदलली. ‘हे कसं करायचं?’ असा मोघम प्रश्न तिने सोडला. खिशात एक छोटी वही ठेवली. दिवसभरात जे अडे ते तीत टिपावयाचे. त्यातले निम्मे संध्याकाळी पुस्तकात सापडे. उरलेल्यांतील एक, फार तर दोन प्रश्न ती ड्यूटी संपताना, सिस्टरांच्या हातात चहाचा पेला असताना विचारी. खाटेपाशी कधीही नाही. आणि प्रश्न असा की, ज्याचे उत्तर एका वाक्यात देता यावे : “तेरा नंबरच्या बाईंची नळी आज आपण सोडवलीत, तेव्हा आधी काय पाहिलंत?” अशा प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळे. गुरू केवळ गणवेशातच असतो, असेही तिने मानले नाही. वॉर्डातल्या कानडी मावशींनी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितले होते, नोवु म्हणजे दुखणे, उसिरु म्हणजे श्वास, नीरु म्हणजे पाणी. आणि तेवढ्या तीन शब्दांवर तिच्या कित्येक रात्री निभावल्या. औषधांच्या खोलीतले गृहस्थ औषधांविषयी विचारले तर खुशीने बोलत. त्यांना विचारावयास कोणी जातच नसे.

परंतु काही गोष्टी अशा असतात की ज्या उद्यावर टाकता येत नाहीत आणि ज्यांत अंदाज चालत नाही. तसा प्रसंग एका संध्याकाळी आला.

दुपारी दोन ते आठ अशी ड्यूटी होती. सात वाजत आले होते आणि जेवणाची गाडी जिन्यापर्यंत आली होती. मधुमेहाच्या एका वृद्ध शेतकऱ्याला जेवणापूर्वी २० युनिट इन्शुलिन द्यावयाचे होते. वॉर्डातील इन्शुलिन संपले होते, म्हणून मुलाने बाहेरच्या दुकानातून बाटली आणली. आता आपल्याकडे इन्शुलिन दोन शक्तींचे मिळते. एकात १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोहोंच्या सिरिंजाही निराळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. त्या वॉर्डात नेहमी ४० चेच येई, म्हणून सर्वांच्या हाताला लाल टोपणाची सवय. नारिंगी टोपणाच्या थोड्या सिरिंजा त्याच खणात मिसळून पडलेल्या असत. मुलाने आणलेली बाटली होती १०० ची.

“सिस्टर, कोणती सिरिंज घेऊ?” असे तिने विचारले. सिस्टर नोंदवहीत लिहीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “नेहमीचीच घ्या. एवढंही सांगावं लागतं का?”

नेहमीची म्हणजे लाल. त्या सिरिंजेवर २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले म्हणजे अर्धा मिलिलिटर येते. १०० च्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट, सांगितल्याच्या अडीचपट. रक्तातील साखर खाली येते, घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. आणि रात्रीची वेळ असल्यास सारे त्याला झोप लागली असेच समजतात. अशा झोपेतून रुग्ण कधी कधी उठत नाही.

मुलीला हे सारे त्या क्षणी आठवले, असे नाही. तिला आठवले एवढेच की, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा एक असावा लागतो, आणि येथे तो एक नव्हता. महिनाभर ऐकलेली बोलणी डोळ्यांपुढे होती. आणखी एकदा विचारले तर काय ऐकावे लागेल, हेही ठाऊक होते. ती बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन टेबलाशी गेली व म्हणाली, “सिस्टर, या बाटलीवर १ मिलिलिटरला १०० युनिट लिहिलंय, आणि ही सिरिंज ४० ची आहे. आपण एकदा बघा. तोवर मी देत नाही.”

या बोलण्यात तक्रार नाही, प्रौढी नाही, क्षमायाचनाही नाही. दोन आकडे आहेत आणि एक निश्चय आहे. सिस्टरांनी लेखणी खाली ठेवली. बाटली दिव्यापाशी धरून पाहिली. मग उठून खणातून नारिंगी टोपणाची सिरिंज काढली, हिच्या हातात दिली आणि हिने औषध ओढल्यावर खूण स्वतः तपासली. ‘बरे झाले विचारलेस’ असे त्या म्हणाल्या नाहीत. आभारही कोणी मानले नाहीत. म्हाताऱ्याने पुढे आलेली भाकरी खाल्ली आणि मीठ कमी असल्याबद्दल कुरकूर केली.

सिस्टरांनी पाहिले नसते तर? तरीही मार्ग होता. ड्यूटीवरील डॉक्टरांना फोन करता आला असता, औषधांच्या खोलीत विचारता आले असते. तोपर्यंत इन्शुलिनही थांबवावयाचे आणि जेवणही. दहा मिनिटांच्या विलंबाने रुग्णाचे काही बिघडत नाही. वरिष्ठांनी सांगितले म्हणून दिले, हा बचाव वॉर्डात टिकत नाही, कारण केसपेपरावर सही देणाऱ्याची असते.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टर इन्चार्जकडे गेली. येथेही तिने एक शहाणपण दाखविले. सिस्टरांचा स्वभाव, त्यांची उत्तरे यांविषयी ती प्रथम बोललीच नाही. दोन्ही सिरिंजा एकाच खणात असतात, काल असे असे झाले, त्या वेगळ्या ठेवता येतील का, एवढेच विचारले. मग म्हणाली, “आणखी एक विनंती आहे. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, मला कोणीतरी शिकवावं. कोणी, ते आपण ठरवा.” चहाच्या खोलीत चार जणींपुढे हेच गाऱ्हाणे गायिले असते तर ते संध्याकाळपर्यंत तिखटमीठ लागून सिस्टरांच्या कानी गेले असते आणि खण मात्र होता तसाच राहिला असता. अर्थात बोलणी केवळ तुसडेपणाची नसून नित्याचा छळ होऊ लागला, मुद्दाम चुकीचे सांगितले जाऊ लागले, न केलेल्या कामावर सही मागितली जाऊ लागली, तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवून मेट्रनकडे लेखी जाणे हाच मार्ग. तेथे भीड धरू नये. या मुलीवर ती पाळी आली नाही.

आठवड्याभरात खण दोन झाले. वर कानडीत, मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठ्या लागल्या. मराठी चिठ्ठी तिच्याच हातची. अर्ध्या तासासाठी दुसऱ्या एका सिस्टरांची योजना झाली. पहिल्या सिस्टर पुढेही फारसे बोलल्या नाहीत, आणि दोन महिन्यांनी त्यांची बदली वरच्या मजल्यावर झाली. मात्र त्या दोन महिन्यांत इन्शुलिनची वेळ आली म्हणजे, हातातले काम टाकून, त्या बाटली स्वतः दिव्यापाशी धरून पाहात असत.