येळवशीची भज्जी आणि आपलं शिवार



गणरायाला आपण दूर्वा, शमी, आघाडा, रुई, माका अशी एकवीस प्रकारची पत्री वाहतो. त्यातली किती आज चिंताकीच्या बांधांवर सापडते? तणनाशकाचा फवारा बांधापर्यंत गेला की आघाडा, माका जळतात आणि त्यांच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्याही फिरकत नाहीत.

जैवविविधता हा शब्द जड वाटतो, पण तिचं माप आपल्या घरातच आहे. ते म्हणजे येळवशीची भज्जी. तूर, वाल, वाटाणा, सोलाणे, मेथी, कांद्याची पात हे सगळं पूर्वी बहुतेक शिवारातूनच यायचं. ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्या, मूग-उडीद, अंबाडी, तीळ असायचे. आज खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं आणि भज्जीचं सामान बाजारातून येतं.

यात बिघडलं काय? एकच पीक असलं की पिवळा मोझॅक सगळ्या शिवारावर एकदम पसरतो. मिश्र पिकात मूग पावसानं गेला तरी तूर हाती लागते. ज्वारी गेली की कडबा जातो आणि कडबा नसला की दावणीची देवणी गाय विकावी लागते. वानेरा, बालंक्या, शेवरा या देवणीच्या तीन तऱ्हा आपल्या किती मुलांना ओळखता येतील?

सोयाबीन सोडा, असं माझं म्हणणं नाही. घरात पैसा लागतोच. पण चार ओळी तुरीच्या, थोडी ज्वारी आणि न फवारलेला बांध एवढं तर राखता येईल.

बीदरच्या पलीकडे झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिलांनी गावोगाव बियाण्यांच्या बँका चालवल्या. संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्यांतून त्या जुन्या वाणांची यात्रा काढतात. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यातल्या अनेकींच्या वाट्याला जेमतेम एक-दोन एकर जमीन, तीही हलकी.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि स्थानिक वाण, जनावरं, औषधी वनस्पती यांची नोंदवही असायला हवी. ती भरायची तर माहिती आपल्या आजी-आजोबांनाच विचारावी लागेल.

म्हणून एक विनंती आहे. विसर्जनाआधी प्रत्येक घरानं आपल्याकडच्या एका जुन्या बियाण्याचं नाव मंडळाकडे लिहून द्यावं आणि शक्य असेल तर मूठभर बीही द्यावं. ज्यांना हवं त्यांनी ते पुढच्या मृगात पेरावं आणि सुगीनंतर दोन मुठी परत कराव्यात.

गणपती बाप्पा मोरया!