मोझांबिक : समुद्राकडे जाणारे रूळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



आफ्रिकेच्या नकाशावर मोझांबिक पाहिला की प्रथम नजरेत भरतो तो त्याचा किनारा. उत्तरेस रोवुमा नदीपासून दक्षिणेस मापुतोच्या पलीकडे, सुमारे अडीच हजार किलोमीटर. देशाचे क्षेत्रफळ आठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक. लोकसंख्या तीन कोटींच्या वर. झांबेझी नदी देशाचे दोन भाग करते. उत्तरेत माखुआ भाषकांची वस्ती आणि किनाऱ्यावर इस्लामचा जुना वारसा, मध्यभागी सेना व न्दाऊ, दक्षिणेत चांगाना. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज. बहुसंख्यांच्या घरात ती बोलली जात नाही.

नकाशा आणखी बारकाईने पाहिला तर रेल्वेमार्ग दिसतात. मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे, बैराहून झिंबाब्वेकडे, नकालाहून मलावीकडे. सारे मार्ग किनाऱ्यावरून आत जाणारे. उत्तर आणि दक्षिण जोडणारा एकही नाही. देशातल्या देशात धान्य हलवावे यासाठी हे रूळ टाकलेच नव्हते. शेजारच्या मुलखातील खनिजे बंदरावर आणावीत आणि मोझांबिकची माणसे खाणीत न्यावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. स्वातंत्र्याने झेंडा बदलला. रुळांची दिशा बदलणे किती अवघड असते, हे या देशाच्या गेल्या पन्नास वर्षांत दिसते.

वास्को द गामा १४९८ मध्ये या किनाऱ्याला लागला आणि पुढे १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. गुलामांच्या व्यापारानंतर आली ती 'शिबालो', म्हणजे वेठबिगार. उत्तरेतल्या शेतकऱ्यावर कापसाची सक्ती झाली, त्यामुळे पोटापुरते धान्यही पिकवणे कठीण झाले. दक्षिणेतला तरुण ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणीत गेला. या मजुरांच्या वेतनाचा एक हिस्सा ते गावी परतल्यावरच हाती पडे. ही रक्कम पोर्तुगालला अधिकृत भावाने सोन्याच्या रूपात मिळे, ते सोने बाजारात चढ्या भावाने विकले जाई आणि मजुराला स्थानिक चलन दिले जाई. माणूस जमिनीखाली घाम गाळी आणि नफा त्याच्या डोक्यावरून लिस्बनला जाई. साम्राज्यशाहीचे इतके उघडेवाघडे गणित क्वचितच पाहायला मिळते.

मुक्तिलढ्याची कहाणी कार्यकर्त्यांना परिचित आहे. १९६० मध्ये मुएडा येथे निःशस्त्र जमावावर गोळीबार, १९६२ मध्ये दार-ए-सलाम येथे फ्रेलिमोची स्थापना, १९६४ पासून सशस्त्र संग्राम, १९६९ मध्ये एदुआर्दो मोंडलेन यांची टपालातून आलेल्या बाँबने हत्या. १९७४च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही त्यांच्याच सैनिकांनी उलथली आणि २५ जून १९७५ रोजी समोरा माशेल यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी दहांपैकी नऊ माणसे निरक्षर होती. कुशल कारागिरीवर व दुकानदारीवर पकड असलेले पोर्तुगीज लाखोंच्या संख्येने निघून गेले. जाताना कित्येकांनी यंत्रे मोडून टाकली.

नव्या राज्याने १९७६ मध्ये ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. बैरा बंदराचे उत्पन्न बुडाले, तरी वर्णद्वेषी राजवटीला वाट द्यायची नाही हा निर्णय त्यांनी घेतला. दक्षिण आफ्रिकेने खाणमजुरांची भरती दोन वर्षांत निम्म्याहून खाली आणली. ऱ्होडेशियाच्या गुप्तहेरांनी रेनामो ही बंडखोर सेना उभी केली, ती १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने पोसली. रेनामोने शाळा, दवाखाने आणि रेल्वेमार्ग उद्ध्वस्त केले. खाणमजुरांच्या जीवनाचा अभ्यास करणाऱ्या रूथ फर्स्ट १९८२ मध्ये मापुतोच्या विद्यापीठात पत्रबाँबने मारल्या गेल्या. त्या अभ्यासकेंद्राचे संचालक, गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा त्या स्फोटातून वाचले, पण १९८६ मध्ये माशेल यांच्यासह विमान अपघातात गेले. युद्ध १९९२च्या रोम करारापर्यंत चालले. दहा लाखांच्या आसपास माणसे युद्धात आणि त्यामुळे पडलेल्या दुष्काळात मेली.

परंतु सगळा दोष शेजाऱ्यावर ढकलून चालणार नाही. शेतकऱ्यांना त्यांच्या विखुरलेल्या वाड्यांतून उठवून सामुदायिक खेड्यांत बसवण्याची घाई झाली, जुन्या मुखियांचा उपमर्द झाला. १९८३ मध्ये 'उत्पादन मोहीम' या नावाखाली शहरांतील ओळखपत्र नसलेल्या, 'अनुत्पादक' ठरवलेल्या माणसांना उचलून दूर न्यासाच्या रानात पाठवले गेले. ज्यांच्या नावाने क्रांती झाली त्यांना विचारण्याची सवयच पक्षाने सोडली होती. रेनामोला परकीय शस्त्रे मिळाली हे खरे. खेड्यात तिला आसरा का मिळाला, याचे उत्तर येथे आहे.

पुढची गोष्ट काजूची. १९७० नंतरच्या काही वर्षांत मोझांबिक जगातील पहिल्या क्रमांकाचा काजू उत्पादक होता. १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून कच्च्या काजूवरील निर्यातकर घटवायला लावला. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कच्चा काजू मुख्यतः भारतात जाऊ लागला, काही वर्षांत बहुतेक कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत मोठ्या संख्येने बाया, रस्त्यावर आले. शेतकरी कुटुंबाच्या पदरात वर्षाला सरासरी पाच डॉलर पडले, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मांडला. हा काजू भारतात फोडला तोही अल्प मजुरीवर राबणाऱ्या बायांनीच. दोन देशांच्या कष्टकरी बायांना परस्परांविरुद्ध उभे करणाऱ्या या व्यवहाराला मुक्त व्यापार म्हणतात!

काजूनंतर वायू आणि कोळसा आले. टेटे प्रांतातील मोआतीझेच्या खाणीसाठी उठवलेल्या कुटुंबांनी २०१२च्या जानेवारीत काटेमे येथे कोळशाचा लोहमार्ग अडवला. त्यांना पोलिसांनी झोडपले. ती खाण २०२२ मध्ये जिंदाल समूहातील कंपनीने विकत घेतली. इन्यांबानेचा वायू २००४ पासून नळाने दक्षिण आफ्रिकेत जाऊ लागला. काबो देल्गादोच्या समुद्रातील वायुप्रकल्पात भारताच्या सार्वजनिक कंपन्यांचा तीस टक्के वाटा आहे. त्याच प्रांतात २०१७ पासून बंड धुमसते आहे; २०२१ मध्ये पाल्मा शहरावरील हल्ल्यानंतर तो प्रकल्प थांबला. बंडखोरांनी इस्लामचे नाव घेतले. परंतु माणिक आणि वायूने समृद्ध असलेल्या या प्रांतातील तरुण बेकार का, हे विचारल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही. वायूच्या भावी उत्पन्नाच्या भरवशावर २०१३-१४ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरचे कर्ज संसदेपासून लपवून काढले गेले. या प्रकरणी माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या पक्षाने शिबालो मोडली, त्याच्याच मंत्र्याच्या सहीने पुढच्या पिढीवर कर्ज चढले.

ऑक्टोबर २०२४ची निवडणूकही फ्रेलिमोनेच जिंकल्याचे जाहीर झाले. मतमोजणीत लबाडी झाली, असे म्हणत शहरांतील तरुण रस्त्यावर आले. या लोकसंख्येत निम्मी माणसे अठरा वर्षांखालची आहेत. मुक्तिलढा त्यांनी पाहिला नाही, यादवीही नाही. पोलिसांच्या गोळ्यांनी शेकडो बळी गेले. त्या दिवसांत निदर्शकांनी मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारा रस्ता अडवला आणि रेसानो गार्सियाची सीमा बंद पडली. कधी काळी खाणमजुरांच्या गाड्या येथूनच पलीकडे जात. आता खनिजाने लादलेल्या ट्रकांच्या रांगा तेथे उभ्या राहिल्या.