काय करता आपण?



मला या भाषणाचं बोलावणं करायला संयोजक घरी आले, तेव्हा त्यांनी परिचयासाठी वही काढली. पहिला प्रश्न, ‘काय करता आपण?’ मी म्हटलं, ‘सध्या काही नाही.’ त्यांनी लिहून घेतलं, ‘निवृत्त बँक अधिकारी’. मघाशी तेच वाचून दाखवलं. म्हणजे जे मी आता नाही, तीच माझी ओळख!

त्यांचा दोष नाही. आपल्याकडे धंद्याचं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. १९५०च्या कायद्यानं कुलकर्णी वतन गेलं; दप्तर गेलं, आडनाव तेवढं उरलं. आज कुलकर्णी दात काढतात आणि जोशांना पंचांग उलटं धरलं तरी कळत नाही. (जोशी पहिल्याच रांगेत आहेत, त्यांनी रागावू नये.) पण ही गंमत आपली झाली. ज्यांना धंदा जन्माबरोबर मिळाला आणि बाहेर पडायची वाटच नव्हती, त्यांच्यासाठी ती कधीच गंमत नव्हती. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त मांडलं. आम्ही पाटीवरचा हुद्दा पुसायला कचरतो. त्यांना तो पुसायला पिढ्या झगडावं लागलं.

पण हुद्दाच गेला, तर माणसाजवळ काय उरतं? मला सांगायचंय ते माझ्या मामांबद्दल. मामा मुंबईत कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप मिटला असं कुणी कधी रीतसर जाहीर केलंच नाही. कित्येक गावाला गेले, कित्येक परत आलेच नाहीत. मामा चाळीतच राहिले. पहिले काही महिने पाळीच्या वेळेला उठून बसायचे. दाढी करून, सदरा घालून, खाटेवर.

साच्यांच्या खडखडाटात त्यांचा डावा कान गेला होता. तरी चाळीच्या भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्याकडेच. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायची तर पाणी किती, लपका केवढा, हे ते कुणाला सांगू शकत नसत, करून दाखवत. थाप मारायची आणि लगेच तळवा पानावर ठेवायचा. उरलेला नाद हातानं ऐकायचा. ही खोड गिरणीतली. तिथं कानाला काही कळत नसे, म्हणून साचा नीट चाललाय की नाही हे ते हात ठेवून ओळखत. म्हणजे गिरणीनं नोकरी काढून घेतली, पण हाताला दिलेलं घेता आलं नाही. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींचीही कच्ची-पक्की मडकी पारखली, अशी आख्यायिका आपण ऐकतो. कुंभारकी पोटासाठी होती, पारख त्यांची स्वतःची. आपल्या भाषेनं ‘पोटापाण्याचा उद्योग’ म्हणून नोकरीची हद्द केव्हाच आखून दिली आहे. ती पोटापाशीच थांबते. ओलांडतो आपण.

चौऱ्याऐंशी साली मामा-मामी रेशनच्या कचेरीत गेले, मी सोबत. कारकुनानं मान वर न करता विचारलं, ‘धंदा?’ मामा गप्प. त्यानं ‘बेकार’ लिहिलं. मग मामीकडे बघून, ‘तुमचा?’ मामी म्हणाली, ‘काही नाही, घरीच असते.’ तेव्हा तिच्याकडे आठ जण जेवायला होते, दोन्ही वेळेला. त्या खाणावळीवर घर चाललं होतं. मीही काही बोललो नाही, याची मला आज लाज वाटते.

शनिवार होता, भजनाचा वार. घरी आल्यावर मामीनं आठ जणांसाठी कणीक मळायला घेतली. मामांनी परातीतून एक गोळा उचलला. ती ओरडली, नेहमीसारखी. त्यांनी तो धुम्यावर थापला, थाप मारली, तळवा टेकवून डोळे मिटले आणि म्हणाले, ‘आज जरा सैल झालीय गं.’