घरांतील वृद्ध मांजराची शुश्रूषा

खानदेशांतील जुन्या घरांत मांजर 'पाळलें आहे' असें सहसा कोणी म्हणत नसे. तें घरांत असे, एवढेंच. कणगीभोंवतीं उंदीर आणि चुलीशेजारीं ऊब मिळाली कीं त्याचें व घराचें जमे. दुधांत कुस्करलेली भाकरी हा वरचा मान झाला. पोट तें स्वतःच भरीत असे. अशा मांजराचें म्हातारपण फारसें कोणाच्या दृष्टीस पडत नसे. एके दिवशीं तें दिसेनासें होई आणि 'गेलें कुठें तरी' एवढ्यावर घर समाधान मानी. आज जळगांव आणि धुळें येथील वसाहतींत चित्र पालटलें आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत, वेळच्या वेळीं लस टोचून घेतलेलें मांजर १५-१६ वर्षें जगतें. माणसाच्या मानानें हें वय पंचाहत्तरी ओलांडल्यासारखें आहे. मग त्याचें दुखणेंहि घरींच काढावें लागतें, कारण महिनोन् महिने चालणाऱ्या रोगांत मांजर दवाखान्यांत ठेवतां येत नाहीं, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारांत गाई, म्हशी व शेळ्या आधींच उभ्या असतात.

ह्या शुश्रूषेंत पहिली अडचण अशी कीं, मांजर दुखणें लपवितें. कुत्रें कण्हतें, वासरूं मान टाकतें. मांजर कपाटाखालीं जाऊन स्वस्थ बसतें आणि घरांतील माणसें म्हणतात, 'म्हातारें झालें, आतां झोपणारच!' रानांतल्या त्याच्या पूर्वजाला ही संवय उपयोगी होती, कारण दुबळेपणा उघड झाला कीं त्याचीच शिकार होण्याचें भय असे. घरांत तीच घातक ठरते. म्हातारपणीं मांजराला वारंवार होणारा रोग म्हणजे मूत्रपिंडांचा. मूत्रपिंडांची सुमारें दोन-तृतीयांश शक्ति जाईपर्यंत बाहेर कांहींच दिसत नाहीं. मग तहान व लघवी वाढते, खाणें कमी होतें, पाठीचा कणा हाताला लागूं लागतो. मधुमेहांत आणि थायरॉईड ग्रंथीचें काम वाढल्यासहि अशीच तहान लागते. म्हणून रक्त व लघवी तपासल्याखेरीज रोगाचें नांव ठरवूं नये. वजनाचा कांटा मात्र सहसा फसवीत नाहीं. आठवड्यांतून एकदां मांजराला कडेवर घेऊन कांट्यावर उभें राहावें व आपलें वजन त्यांतून वजा करावें. ४ किलोच्या मांजराचें ४०० ग्रॅम वजन घटणें म्हणजे ६० किलोच्या माणसाचें ६ किलो घटणें होय.

खानदेशांत ह्या रोगाला उन्हाळा फार भोंवतो. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. मांजराचा मूळ वंश कोरड्या प्रदेशांतला; लघवी घट्ट करून थोड्या पाण्यावर भागविण्याची त्याची कला मूत्रपिंडांत असते, आणि रोग नेमकी तीच हिरावून घेतो. शिवाय मांजराला पंजांच्या गाद्यांखेरीज घाम असा येत नाहीं. अंग चाटून त्या ओलाव्यानें तें गार होतें, आणि आजारी मांजर अंग चाटणेंच सोडून देतें. जुन्या धाब्याच्या घरांत दुपारीं गारवा तरी असे. सिमेंटच्या छताखालीं रात्रीं दहा वाजतांहि भिंती तापलेल्या असतात. म्हणून त्याची जागा फरशीवर, कूलरच्या झोतापासून जरा बाजूला असावी, आणि ओल्या फडक्यानें दिवसांतून तीन-चार वेळां त्याची पाठ व कान पुसावे. पाण्याचीं पसरट भांडीं तीन-चार ठिकाणीं, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवावीं. मीठ-मसाला न घातलेलें कोंबडीचें किंवा माशाचें पाणी पुष्कळ मांजरें आवडीनें पितात. धुळ्याकडे हिंवाळ्यांत पहांटेचा पारा ८ अंशांखालीं उतरतो, तेव्हां ह्याच हाडकुळ्या देहाला गोधडीची ऊब हवी असते.

आहाराच्या बाबतींत शाकाहारी कुटुंबांची अडचण खरी आहे व ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. टॉरिन नांवाचें द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें प्राणिज आहारांतून मिळावें लागतें. त्याच्या अभावीं डोळ्यांचा आंतील पडदा झिजतो, आणि हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो, हें १९८७ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें. 'आमचीं मांजरें दूध-भाकरीवरच जगलीं' असें घरांतील आजी सांगते तें खोटें नाहीं. पण तिच्या मांजरांनीं खाल्लेले उंदीर कोणी मोजले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरील म्हाताऱ्या मांजराला उंदीर कोठला? अशा घरांना डबाबंद तयार अन्न सोयीचें पडतें. मूत्रपिंडांच्या रोगांत स्फुरद कमी असलेलें अन्न पशुवैद्य सांगतात. तें खाल्लें तर उत्तम. न खाल्ल्यास जें खाईल तें द्यावें, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतांत चरबी सांचूं लागते व मूळ रोगाआधीं तीच जिवावर बेतते. मात्र शेवभाजीचा रस्सा किंवा भरताचें उरलेलें वाडगें त्याच्यापुढें सरकवूं नये. कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

परंतु खरा धोका असतो घरांतील औषधांच्या डब्यांत. अंग गरम लागलें म्हणून माणसाची तापाची गोळी अर्धी करून मायेनें चारली जाते. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतांत अतिशय दुबळी आहे. रक्त तपकिरी पडतें, हिरड्या मातकट-निळसर होतात, तोंड सुजतें, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा प्राण घेऊं शकते. वस्तुतः ३८ ते ३९ अंश सेल्सिअस हें मांजराचें नेहमींचेंच तापमान; माणसाच्या हाताला तें गरम लागणारच. फरशी पुसण्याचें फिनेलहि असेंच वैरी, कारण पंजांना लागलेलें तें चाटून पोटांत जातें. लघवीची जागा साबणाच्या पाण्यानें धुणें पुरे. पशुवैद्यानें दिलेली गोळी कोरडी भरवूं नये. मागून चमचाभर पाणी पिचकारीनें हळूहळू द्यावें. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी घशाखालीं अडकली तर अन्ननलिकेला जखम करते.

पुढच्या अवस्थेंत कातडीखालीं सलाईन देण्याची वेळ येते. हें काम पशुवैद्याकडून एकदां नीट शिकून घेतल्यावर घरींच होतें. खांद्यांमधील सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई घालावयाची; पाणी सांचून उंटासारखी मदार दिसते, ती कांहीं तासांत जिरते. सलाईन अंगाइतपत कोमट असावें. मात्र मे महिन्यांत माळ्यावर ठेवलेली बाटली आयतीच चटका देते, याचें भान असावें. किती द्यावयाचें हें घरच्यांनीं ठरवूं नये. हृदय दुबळें असल्यास तेंच पाणी छातींत सांचतें. म्हणून झोपेंतील श्वास घड्याळ लावून मोजावे. मिनिटाला ३० पेक्षां ते वाढत गेले तर त्याच दिवशीं पशुवैद्याला कळवावें. तोंड उघडून धाप लागली किंवा बोका वारंवार जोर करूनहि थेंबभर लघवी करीत नसेल, तर सकाळची वाट पाहूं नये.

आणि मग असा एक काळ येतो कीं जेव्हां शुश्रूषा कोणासाठीं चालली आहे हें घरानें प्रामाणिकपणें पाहावें लागतें. वेदना ओळखण्याचें एक साधन २०१९ सालीं कॅनडांतील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें: कान बाजूला वळलेले, डोळे किलकिले, मुस्कट ताठ, मिशा सरळ ताणलेल्या, डोकें खांद्यांखालीं. ही मुद्रा टिकून राहिली, अन्न सुटलें, मलमूत्राच्या जागेपर्यंत जाववत नसलें, तर पशुवैद्याशीं शेवटाविषयीं उघड बोलावें. मांजर मारल्यास सोन्याचें मांजर दान करावें लागतें, ही समजूत सुशिक्षित घरांतहि मनाला टोंचते. गुंगीचें औषध वाढत्या मात्रेनें देऊन झोपेंतच हृदय थांबविणें म्हणजे तें मारणें नव्हे, असें ठामपणें म्हणणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्यांना तें पटत नाहीं, आणि अशा घरीं निदान वेदनाशामक औषध पशुवैद्याकडून अखेरपर्यंत मिळावें. पोत्यांत घालून गिरणेपलीकडे किंवा पांझरेकांठीं सोडून येण्याला मात्र कोणतीच समजूत आधार देत नाहीं. भूक-तहानेनें हाल होतील अशा रीतीनें जनावर टाकून देणें १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि आंधळें, रोडावलेलें मांजर परत येण्याची वाटहि विसरलेलें असतें.

पुरण्याचा खड्डा निदान तीन फूट खोल असावा. औषधानें शेवट झाला असल्यास हें अधिकच आवश्यक, कारण त्या औषधाचा अंश देहांत राहतो आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्यालाहि तो मारक ठरतो. खानदेशची काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी होते. आदल्या रात्रीं तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतून ठेवलें म्हणजे सकाळीं कुदळ चालते.