नूटकाच्या किनाऱ्यावर ठेवलेला माणूस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बडोद्याच्या गायकवाडांचा इतिहास ज्यांनी थोडाफार वाचला आहे त्यांना वॉकरसाहेब ठाऊक असतो. मेजर अलेक्झांडर वॉकर १८०२ साली कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून बडोद्यात आला. गादीवर आनंदराव गायकवाड होते, कडीच्या मल्हाररावांनी बंड केलं होतं आणि पगार थकलेली अरब शिबंदी शहर अडवून बसली होती. या गोंधळातून वॉकरनं कंपनीचा पाय बडोद्यात पक्का रोवला. पंढरपुरात १८१५ मध्ये ज्यांचा खून झाला ते गंगाधरशास्त्री पटवर्धन आधी याच वॉकरच्या हाताखाली पुढे आले. काठेवाडात दरसाल मुलूखगिरीची फौज जाऊन खंडणी वसूल करायची, तिच्याऐवजी ठरावीक रकमेचे करार १८०७ मध्ये झाले, तेही वॉकरनंच केले. तिथल्या काही घराण्यांत जन्मलेल्या मुली मारण्याची चाल होती, ती बंद करण्यासाठी त्यानं दरबारांकडून लेखी कबुल्या घेतल्या.

एवढा वॉकर आपल्याला माहीत असतो. पण हाच माणूस वयाच्या एकविसाव्या वर्षी मुंबई बंदरातून जहाजात बसून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर गेला होता, आणि तेसुद्धा पाणमांजराची कातडी मिळवायला गेलेल्या मोहिमेबरोबर, हे सहसा कुणाच्या वाचनात येत नाही.

मी अर्जुनी मोरगावचा. आमच्या तालुक्यात नवेगावबांधचं तळं आहे. तळ्याकाठच्या माणसाला पाणमांजर कसं असतं ते समजावून सांगावं लागत नाही. ढिवराच्या जाळ्यातले मासे पळवणारं, पाण्यात सुळकन जाणारं, तपकिरी, लांब अंगाचं जनावर. त्याचाच एक भाऊबंद पॅसिफिक महासागरात राहतो. आपल्या पाणमांजराहून कितीतरी वजनदार, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडून खाणारा, पाठीवर तरंगत झोपणारा. थंड समुद्रात देवमासा काय, सील काय, सगळ्यांच्या अंगाला चरबीचा जाड थर असतो. या प्राण्याला तो नाही. त्याची सगळी ऊब त्याच्या केसांत. एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाख-दीड लाखापर्यंत केस. जगातल्या कुठल्याही जनावराची लव इतकी दाट नाही. ज्या लवेनं त्याला जगवलं तीच त्याच्या जिवावर उठली.

झालं असं, की कॅप्टन जेम्स कुक १७७८ मध्ये आजच्या कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर, नूटका नावाच्या खाडीत उतरला. तिथल्या मोवाचाट लोकांकडून त्याच्या खलाशांनी अंगावर घ्यायला, अंथरायला म्हणून काही कातडी घेतली. बदल्यात लोखंडाचे तुकडे, खिळे, सुऱ्या, असलंच काहीबाही दिलं. पुढे हवाई बेटात कुक मारला गेला. जहाजं १७७९ च्या अखेरीस चीनच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा कँटनच्या व्यापाऱ्यांनी चांगल्या कातड्याला १२० डॉलरपर्यंत भाव दिला. चिनी श्रीमंतांच्या अंगरख्यांना या लवेची किनार लागत असे. खलाशी असे पिसाळले, की मायदेशी जाण्याऐवजी पुन्हा नूटकाला चला म्हणून बंड करायच्या बेताला आले. कुकच्या सफरीचा अधिकृत वृत्तांत १७८४ मध्ये छापून निघाला आणि कातड्यांचा हा भाव जगजाहीर झाला.

तो वृत्तांत वाचून पेटलेल्यांपैकी एक जेम्स स्ट्रेंज. कंपनीच्या मद्रास इलाख्यातला मुलकी नोकर. मुंबईतला मोठा व्यापारी डेव्हिड स्कॉट याला त्यानं गाठलं. दोन जहाजं सज्ज झाली. मोठ्याचं नाव ‘कॅप्टन कुक’ आणि धाकट्याचं ‘एक्सपेरिमेंट’. स्ट्रेंजनं स्वतःच्या गाठीचे दहा हजार पौंड यात घातले. पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता कंपनीकडे असल्यामुळे तिची परवानगी लागे, तीही मिळाली. नुसता माल आणायचा नव्हता. नूटकाला लष्करी आणि व्यापारी ठाणं बसवायचं होतं. म्हणून बरोबर शिपाई घेतले आणि त्यांच्यावर अधिकारी नेमला तो तरुण वॉकर.

आता वॉकरची आधीची हकीकत पाहा. स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याचा हा मुलगा सोळाव्या वर्षी कंपनीत कॅडेट म्हणून भरती झाला. टिपूनं मंगळूरला घातलेल्या वेढ्यात तो अडकला होता आणि जानेवारी १७८४ मध्ये ठाणं टिपूच्या स्वाधीन झालं तेव्हा ओलीस म्हणून राहायला तो आपण होऊन पुढे झाला. वय एकोणीस. शत्रूच्या मुठीत होता तेवढे दिवस मुंबई सरकारनं त्याला कॅप्टनचा पगार आणि भत्ता दिला. परक्यांच्या हाती ठेवलेल्या माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यानं अनुभवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

८ डिसेंबर १७८५ ला जहाजांनी मुंबई सोडली. मलबारचा किनारा, बटाविया असा वळसा घेत जून १७८६ च्या अखेरीला ती नूटकाला पोचली. वाटेत खलाशांना स्कर्व्ही जडला. ताजा भाजीपाला, फळं न मिळाल्यानं हिरड्या कुजतात, जुन्या जखमा उघडतात, तो हा रोग. आणि एवढ्या यातायातीनंतर तिथं पोचल्यावर कळलं, की आपण पहिले नाहीच! मकाववरून जेम्स हॅना नावाचा दर्यावर्दी आदल्या वर्षीच येऊन ५६० कातडी घेऊन गेला होता.

आपल्याकडे जंगलभागातल्या बाजाराची एक गोष्ट नेहमी सांगतात. बस्तर-गडचिरोलीकडे व्यापारी मापाला माप मीठ देऊन चारोळी नेत. भोळा आदिवासी आणि लबाड शेठ, असं ते चित्र. नूटकाचा व्यापार वाचताना तेच डोळ्यांपुढे येतं, पण ते तिथं नीट बसत नाही. मोवाचाट लोक सौद्यात कच्चे नव्हते. कुकच्या लोकांनी बकऱ्यांसाठी गवत कापलं तर त्याचेही पैसे त्यांनी मागितले होते. आमच्या हद्दीतलं गवत आमचं, हा हिशेब. त्यांचा प्रमुख माक्विना तर पुरता व्यापारी. आजूबाजूच्या गावांचा माल आपल्या हातूनच गोऱ्यांकडे जावा, असा त्याचा बंदोबस्त. हॅनाच्या जहाजानंतर लोखंडाचं अप्रूप थोडं उतरलं होतं आणि कातड्याचा भाव चढला होता. मला विचाराल तर त्या खाडीत फसलं कुणी असेल, तर ते मुंबईचे भांडवलवाले.

वॉकरचं मोल इथं आहे. त्याला नफ्यातोट्याची थेट झळ नव्हती. शिपायांना कवायत करायला तिथं फारसं काम नव्हतं. तो त्या लोकांकडे बघत राहिला. त्यांची घरं, खाणंपिणं, भाषा, सौदा करण्याची रीत यांची टिपणं त्यानं ठेवली. स्ट्रेंजच्या रोजनिशीत माणसं येतात ती गिऱ्हाईक म्हणून, आणि वॉकरच्या लिहिण्यात ती शेजाऱ्यांसारखी येतात. बडोद्यात आणि काठेवाडात गिरासियांच्या चालीरीती खोदून खोदून विचारणारा पुढचा वॉकर इथंच घडत होता, असं मला वाटतं.

ठाण्याचा बेत मात्र बारगळला. शिपाई मागे ठेवायचे नाहीत असं ठरलं. पण पुढच्या वर्षी परत यायचं, तोवर आपला एक तरी माणूस इथं असावा, त्यानं भाषा शिकावी, कातडी जमवून ठेवावी, पाहिलेलं सगळं लिहून काढावं, असं स्ट्रेंजच्या मनानं घेतलं. निवड झाली ती जॉन मॅके याची. हा आयरिश तरुण जहाजावरच्या डॉक्टरचा मदतनीस. तापानं खंगलेला होता. तो खुशीनं राजी झाला, असं स्ट्रेंजनं लिहिलं आहे. मॅकेनं माक्विनाच्या तान्ह्या मुलीवर औषधोपचार केले होते, त्यामुळे माक्विनाही राजी होता. त्याला खाऊपिऊ घालून चांगला धष्टपुष्ट करीन, असं त्यानं वचन दिलं. मॅकेजवळ ठेवलं काय? बकऱ्यांची एक जोडी, भाजीपाल्याचं बी, कागद आणि शाई, बंदूक-पिस्तुलं आणि एक लाल डगला. जुलैच्या अखेरीस जहाजं निघून गेली.

जिथं शिपायांच्या तुकडीसह वॉकरनं राहायचं होतं, तिथं आजारातून उठलेला एकटा मॅके राहिला. टिपूकडे ओलीस राहिलेल्या वॉकरला सरकारचं पाठबळ होतं, तहाचा कागद होता. मॅकेच्या पाठीशी स्ट्रेंजच्या शब्दाखेरीज काही नव्हतं.

पुढचं जे कळतं ते असं. बंदूक त्यानं लोकांना खोलून दाखवली, आणि तिचे भाग त्यांनी आपसांत वाटून घेतले. ऑगस्टमध्ये हॅना पुन्हा आला. मॅकेला घेऊन जायची त्याची तयारी होती, पण मॅके गेला नाही. सुकी मासळी आणि देवमाशाचं तेल आता पचू लागलंय म्हणाला. मग त्याच्या हातून एक आगळीक झाली. माक्विनाच्या मुलाचा पाळणा त्यानं ओलांडला. आपल्याकडेही निजलेल्या मुलाला ओलांडू देत नाहीत, त्याची वाढ खुंटते म्हणतात. तिथं हा त्याहून मोठा गुन्हा होता. त्याला मार बसला, घराबाहेर काढलं, आणि पुढे ते मूल दगावलं तेव्हा तर आसराच तुटला. हिवाळा आला. त्या लोकांकडेच अन्नाची चणचण, तिथं या परक्याला कोण पुसतो! शाईकागद गेले, रोजनिशी गेली.

स्ट्रेंज परत आलाच नाही. तो नूटकाहून उत्तरेला अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत गेला. तिथं त्याला कलकत्त्याहून आलेलं एक जहाज भेटलं, जे नंतर कायमचं बेपत्ता झालं. स्ट्रेंजची दोन्ही जहाजं चीनला पोचली ती ६०४ कातडी घेऊन. त्यांचे आले २४ हजार डॉलर. म्हणजे नगाला सरासरी चाळीस. १२० च्या आशेवर उभारलेल्या मोहिमेला हा आकडा परवडण्यासारखा नव्हता. दुसरी मोहीम निघाली नाही. मॅकेसाठी एखादं जहाज धाडावं, असा विचार झाल्याचं कुठं दिसत नाही. हिशेबाच्या वहीत बकऱ्यांच्या ओळीत तोही मांडला गेला असावा, असं मी म्हटलं तर फार कडू वाटेल. पण दुसरा शब्द सुचत नाही.

त्याला सोडवलं ते भलत्याच माणसानं. जून १७८७ मध्ये चार्ल्स बार्कली ‘इंपीरियल ईगल’ नावाचं जहाज घेऊन नूटकाला आला. कंपनीचा मक्ता चुकवण्यासाठी त्यानं ऑस्ट्रियाचं निशाण लावलं होतं. बरोबर त्याची सतरा वर्षांची बायको फ्रान्सिस. एका होडीतून पाणमांजराचं कातडं पांघरलेला, मळानं माखलेला माणूस आला आणि इंग्रजीत बोलू लागला, तेव्हा सगळे अवाक झाले. गंमत पाहा, वर्षभरात मॅके जे शिकला, कुणाकडे माल आहे, कुणाशी कसं बोलायचं, त्याचा सगळा लाभ बार्कलीला झाला. त्यानं नूटकाला सातशेच्या आसपास कातडी मिळवली. मुंबईवाल्यांनी पेरलं आणि कापणी तिसऱ्यानंच केली.

मॅके चीनमार्गे हिंदुस्थानात परतला. तिथं वॉकरनं त्याला गाठून त्याची हकीकत विचारून घेतली. मॅकेची स्मृती, त्याचं व्यसन, यांमुळे वॉकरचं समाधान झालं नाही, पण त्यानं विचारलं हे महत्त्वाचं. ज्यानं त्याला तिथं ठेवलं त्यानं नव्हे, तर जो त्याच्या जागी राहायचा होता त्यानं. बडोद्याचा रेसिडेंट, मग सेंट हेलेनाचा गव्हर्नर, असा मोठा होऊन वॉकर १८३१ मध्ये एडिंबरोत वारला. तरुणपणच्या टिपणांवरून त्यानं उतारवयात या सफरीचा वृत्तांत नव्यानं लिहून काढला होता. तो दप्तरात पडून राहिला आणि १९८२ मध्ये कॅनडात छापून निघाला. दीडशे वर्षांनी! स्ट्रेंजची रोजनिशी त्याच्या आधी, १९२० च्या दशकाअखेर, मद्रास सरकारच्या दप्तरातून प्रसिद्ध झाली.

स्ट्रेंज बुडाला तरी धंदा बुडाला नाही. रशियन, ब्रिटिश, अमेरिकन जहाजं शंभर वर्षांहून अधिक काळ हे जनावर मारत राहिली. १९११ मध्ये रशिया, जपान, ब्रिटन आणि अमेरिका यांनी करार करून त्याला अभय दिलं, तेव्हा सगळ्या पॅसिफिकमध्ये हजार-दोन हजार उरली असावीत. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं शेवटचं १९२९ मध्ये मारलं गेलं. आणि कातडं चीनच्या दिशेनं जाण्याची वाट आपल्याकडूनही होती हे विसरू नका. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात एका नाक्यावर चोरटा माल पकडला, त्यात ३१ वाघांची आणि ५८१ बिबट्यांची कातडी होती. त्याची बातमी सगळीकडे गाजली. त्याच गठ्ठ्यांत पाणमांजरांची ७७८ कातडी होती, ती बातमीच्या तळाशी राहिली.

नूटकाच्या उत्तरेला, त्याच व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर, १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून ८९ समुद्री पाणमांजरं आणून सोडली. ती रुजली, वाढली, हजारांवर गेली आणि दक्षिणेकडे पसरत नूटकाच्या खाडीपर्यंत आली. समुद्री काटेरी साळू ती खातात, त्यामुळे साळूंनी फस्त केलेली समुद्रवेलींची रानं पुन्हा वर आली. शास्त्रज्ञ खूश आहेत. माक्विनाचे वंशज आणि त्यांचे शेजारी मात्र म्हणतात, आमचे शिंपले, आमचे साळू या जनावरानं संपवले. त्यांचं काय ते आधी आम्हाला विचारायला हवं होतं. तळ्यावर जाळं टाकून बसलेल्या आमच्या ढिवराला हे गाऱ्हाणं कुणी ऐकवलं, तर तो मान डोलवेल.