सदरची मराठी, दिल्लीतलं रशियन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीतून डॉक्टर निघाले, इंजिनिअर निघाले, बँकेत गेले, सैन्यात गेले. रशियन शिकायला गेलेली मी एकटीच. त्यामुळे लग्नात, बारशात, मंगळवारी बाजारात कुठंही भेट झाली की तुमचा प्रश्न ठरलेला असतो, “रशियन शिकून काय करून राहिली तू?” संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, तेव्हा आज सविस्तर उत्तर देते.

बारावीनंतर १९८८ साली मी दिल्लीला जेएनयूत रशियन भाषेच्या बी.ए. ऑनर्सला प्रवेश घेतला. रशियन शिकवणारी संस्था दिल्लीत १९६५ पासून होती, ती पुढे या विद्यापीठात सामील झाली. त्या काळी सोव्हिएत पुस्तकं स्वस्त मिळत. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची ती पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. माझं वेड तिथूनच सुरू झालं. बाबा रेल्वेत कारकून. त्यांना हे वेड पटलं नव्हतं, पण जी.टी. एक्स्प्रेसचं तिकीट त्यांनीच काढून दिलं.

वर्गात बहुतेकांना वाटत होतं की रशियन म्हणजे डोंगर. सहा विभक्ती, तीन लिंगं, क्रियापदांची लांबलचक रूपं. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं तिथं अडखळत होती. मी मात्र फारशी घाबरले नाही, कारण विभक्तीचा तक्ता मी आधी पाहिला होता. सर, तुम्ही आठवीत आमच्याकडून ‘रामः रामौ रामाः’ इतकं घोकून घेतलं होतं की सहा विभक्ती म्हणजे मला दोन कमीच वाटल्या! शब्दही ओळखीचे निघू लागले. दोनला ‘द्वा’, तीनला ‘त्री’, भावाला ‘ब्रात’, दाराला ‘द्व्येर’. संस्कृत आणि रशियन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, दूरच्या बहिणी. वहीत मी समासाला लागून एक रेघ मारायची आणि असे शब्द तिथं लिहीत जायची.

पण खरी मदत झाली ती मराठीची. आपण ‘मला थंडी वाजते’ म्हणतो, ‘मी थंड आहे’ असं म्हणत नाही. रशियन माणूसही ‘म्न्ये खोलद्ना’ म्हणतो. ‘म्न्ये’ म्हणजे मला. आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणतो, त्यांचीही रचना तशीच. आपल्याकडे तो गेला, ती गेली, ते गेलं. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. त्यांच्याकडेही बदलतं. आपल्यासारखं त्यांच्याकडेही ‘तू’ वेगळं आणि ‘तुम्ही’ वेगळं. आणि नाव? लेव निकोलायेविच तोलस्तोय. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर हे नाव चढवायला बाईंना काहीच अडचण आली नसती.

आता एक गोष्ट खास बाईंसाठी. बाई, निबंधात मी ‘पाऊस पडून राहिला होता’ असं लिहिलं की तुम्ही लाल शाईनं खोडून ‘पडत होता’ करायच्या. तुमचं बरोबरच होतं, प्रमाण मराठीत तसंच लिहितात. पण तुमच्या लाल शाईतून वाचलेलं ते वाक्य दिल्लीत माझ्या कामी आलं.

रशियनमध्ये बहुतेक क्रियापदं जोडीनं येतात. एक, काम चालू आहे हे सांगणारं. दुसरं, काम पूर्ण झालं हे सांगणारं. ‘गणित सोडवलं’ यासाठी एक शब्द ‘रिशाल’ आणि दुसरा ‘रिशील’. पहिला म्हणजे, बसला होता बापडा गणित घेऊन, सुटलं की नाही ते विचारू नका. दुसरा म्हणजे सुटलं. परदेशी विद्यार्थ्यांना हा फरक वर्षानुवर्षं छळतो. मी मनात म्हटलं, एक म्हणजे ‘सोडवून राहिला होता’ आणि दुसरा म्हणजे ‘सोडवून टाकलं’. सगळीकडे हे तंतोतंत बसत नाही, हे पुढं कळलं. पण दारातून आत शिरायला तेवढं पुरलं.

आपली ही बोली हिंदीच्या शेजारात वाढली. आपलं शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सदरमध्ये तर एका गल्लीत चार भाषा ऐकू यायच्या. घरी मराठी, दुकानात हिंदी, वर्गात इंग्रजी. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारायचं शिक्षण आपल्याला फुकट मिळालं. पुण्या-मुंबईची माणसं भेटली की मात्र आपण ‘करून राहिलो’ गिळून टाकतो. मीही पहिलं वर्षभर गिळत होते. व्याकरणाच्या वर्गानं मला सांगितलं की त्यात अशुद्ध काही नाही, तिथं एक पूर्ण नियम आहे.

आता अवघड भाग. २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ संपला. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, सुटीत नागपूरला आलेली. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि विचारलं, “तुझ्या भाषेचा देशच गेला. आता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वस्त पुस्तकं येणं थांबलं. वर्गातले काही जण बँकेच्या परीक्षांकडे वळले. मी उरलेलं दीड वर्ष पूर्ण केलं ते हट्टानं, आणि बाबांच्या मनीऑर्डरीवर.

देश गेला, पण भाषा बोलणारी माणसं कुठं गेली नव्हती. आपल्या गाडीच्या रस्त्यावरचं भिलाई त्यांच्याच मदतीनं उभं राहिलेलं. नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बनत होती, पुढे तिथं सुखोई आलं. यंत्रं असली की त्यांची माहितीपुस्तकं असतात आणि ती कुणीतरी भाषांतरित करावी लागतात. मी ते काम केलं. पैसा बेताचा होता, पण घर चाललं. बाबा शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायचे, “पोरगी विमानाचे कागद वाचते.” मी वाचायचे ते बहुतेक पंपांचे कागद, पण त्यांना मी कधी दुरुस्त केलं नाही.

आज विदर्भातली मुलं-मुली मोठ्या संख्येनं रशियाला डॉक्टर व्हायला जातात. कॉलेजचे वर्ग इंग्रजीतून असले तरी वॉर्डातली म्हातारी रशियनच बोलते. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीचा मागच्या हिवाळ्यात फोन आला. रात्रपाळीत एक आजी सारखं ‘म्न्ये प्लोखा’ म्हणत होत्या. बाकीच्यांना वाटलं, नेहमीची कुरकुर. हिला त्यातलं ‘मला’ ऐकू आलं. मला बरं वाटत नाही. ती खुर्ची ओढून बसली, कुठं दुखतं ते एकेक शब्दानं विचारलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. आजींच्या छातीत दुखत होतं. वेळेवर उपचार झाले. मुलगी फोनवर रडत होती. मी पण.

तर मित्रांनो, मी काय करून राहिले, त्याचं उत्तर हे आहे.

दोन मागणी आहेत. तुमच्या घरातलं कुणी भाषा शिकायला निघालं तर “त्यात काय ठेवलंय” म्हणून त्याला परत फिरवू नका. त्याची मराठी कोणत्याही गावची असो, तिची लाज वाटू देऊ नका. नवी भाषा त्याच मराठीवर उभी राहते.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. शनिवारी दुपारी एखादी वर्गखोली रिकामी असेल, तर रशियाला निघालेल्या मुलांसाठी मी दर आठवड्याला एक तास विनामूल्य घ्यायला तयार आहे. फळा आणि खडू शाळेचा. विभक्तीचा तक्ता मी आणीन.