मिलिंद नावाची वास्तू



वाशीम जिल्ह्याची हद्द ओलांडली की हिंगोली लागते आणि मराठवाडा सुरू होतो. त्या मराठवाड्यातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या एका विद्यावास्तूविषयी मला बोलायचे आहे.

लहानपणी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

महाविद्यालयाला पुढे नाव मिळाले ‘मिलिंद’, परिसराला ‘नागसेनवन’. मिलिंद हा ग्रीक राजा, विद्वान आणि वादपटू. भिक्षू नागसेनाने त्याला वादात जिंकले, आणि राजाने आपली हार मोकळेपणी मान्य केली, अशी कथा आहे. विद्यामंदिराला नाव दिले ते हरलेल्याचे! पटलेले सत्य स्वीकारण्यात राजालाही कमीपणा नाही, हा त्यातला धडा.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्यांची मुले तेथे शिकली, लिहू लागली. तेथे अध्यापन केलेले नागपूरचे गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ काढून दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

आपल्या गावच्या शाळेची इमारत पाहताना, श्रोतेहो, एवढेच विचारावे: शेवटच्या बाकावरचे मूल येथे निर्भयपणे प्रश्न विचारते काय?